आठवड्याला एकच क्लास, आणि तोंड उघडत नाही

जपानमधल्या नागोया शहरातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत 990 पैकी 780 गुण. दर शनिवारी 50 मिनिटांचा इंग्रजी संभाषणाचा क्लास, तोही दीड वर्षापासून. तक्रार अशी: "वाचलेलं सगळं कळतं, पण शिक्षकांनी 'मागचा आठवडा कसा गेला?' एवढं विचारलं तरी डोकं कोरं होतं. वय झालं का माझं? क्लास सोडू का?"

वयाचा इथे फारसा संबंध नव्हता. टोइकची नेहमीची परीक्षा ऐकणं आणि वाचणं तपासते. बोलण्याची परीक्षा वेगळी असते. त्यामुळे त्या 780 गुणांवरून जिभेचा अंदाज येत नाही.

आधी शिक्षकांच्या परवानगीने एक क्लास ध्वनिमुद्रित करायला सांगितलं. क्लासात चौघं. शिक्षक अजिबात बोलले नाहीत तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा मिनिटं येतात. बाई प्रत्यक्षात बोलल्या होत्या चार मिनिटं. वर्षाचे 48 क्लास धरले तर जेमतेम सव्वातीन तास! एवढ्या सरावावर कुणाचीच जीभ वळत नाही.

मुद्रणात दुसरीही गोष्ट सापडली. प्रश्नानंतर बाई सहा-सात सेकंद गप्प. जपानी संभाषणात अशी शांतता खटकत नाही, माणूस विचार करतोय असं समजतात. इंग्रजी शिक्षकाला वाटतं, उत्तर येत नाही. तो स्वतःच वाक्य पुरं करतो किंवा पुढच्याकडे वळतो. त्या शांततेत बाई जपानीतून वाक्य रचून मग त्याची उलटापालट करत होत्या. जपानीतही आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मराठी माणसाला ही कसरत वेगळी सांगायला नको.

क्लास सोडायचा नाही, पण त्याला सराव समजायचं नाही, असं ठरलं. सराव घरी, रोज 15 मिनिटं. आठवड्याला एकच विषय, कागदावर फक्त पाच शब्द. त्यावर मोठ्याने आधी चार मिनिटं बोलायचं, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. वेळ कमी होत गेला की वाक्य जुळवायला उसंत मिळत नाही, आणि तेच हवं असतं. पहिल्या आठवड्यात बाईंनी पूर्ण निबंध लिहून पाठ केला. क्लासात एक शब्द विसरला आणि गाडी तिथेच थांबली. म्हणून पाचच शब्द. शिवाय विचार करताना गप्प न राहता म्हणायची 'लेट मी थिंक'सारखी दोन वाक्यं, आणि शिक्षकांना विनंती: दहा अंक मोजेपर्यंत थांबा, चुका शेवटी सांगा, त्याही तीनच.

उच्चारात र आणि ल यांतल्या फरकाच्या मागे लागू नका, असं सांगितलं. आधी जोडाक्षरांत घुसणारे स्वर काढायचे. 'स्ट्रीट'चं 'सुतोरीतो' झालं की ऐकणाऱ्याला शब्दच सापडत नाही. (आपल्याकडे 'इष्टेशन'मध्ये स्वर पुढे येतो, जपानीत मध्ये आणि शेवटी.)

तीन महिन्यांनंतरच्या मुद्रणात त्यांचं बोलणं नऊ मिनिटांवर गेलं. नकारार्थी प्रश्नाला मात्र अजून चुकीचा 'येस' जातो: "जेवला नाहीत?" याला मराठीसारखं "हो, नाही जेवले." त्यावर उपाय एकच, 'येस-नो' गाळून थेट "आय हॅवन्ट" म्हणायचं. आता 50 मिनिटांच्या गटाऐवजी 25 मिनिटांचे दोन एकास-एक ऑनलाइन तास घ्यायचं चाललं आहे. खर्च परवडत असेल तर तेच घ्यावेत.