आमचं पन्नास वर्षांचं काँक्रीटचं एसटी स्टँड वाचवता येईल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सांगली जिल्ह्यातल्या तुमच्या तालुक्याच्या गावी 1970 च्या आसपास बांधलेलं काँक्रीटचं स्टँड आहे. छज्ज्याचे पोपडे पडतात, वरचा मजला कुलूपबंद आहे आणि सगळं पाडून तिथे व्यापारी संकुल उभारायची चर्चा चालू आहे. ही इमारत राखून तिला नवं काम देता येईल, की हा नुसता जिव्हाळ्याचा विषय आहे?

बऱ्याचदा राखता येते. मी साताऱ्यात राहतो आणि गेली बावीस वर्षं जुन्या आरसीसी इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती करतोय. वडील एसटीत वाहक होते, त्यामुळे जिव्हाळा मलाही आहे आणि तो मी लपवणार नाही. पण तो बाजूला ठेवूनही माझं मत तेच राहतं. फक्त एक अट आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी पोपड्यांबद्दल, कारण पाडायच्या बाजूचे लोक पहिला फोटो त्यांचाच दाखवतात. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच) 12 ते 13 असतो आणि तेवढ्या अल्कलीत सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, सामू 9 च्या खाली उतरतो आणि मग पाणी मिळालं की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते, म्हणून वरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, फुटून खाली येतं. हा कार्बन किती खोल जातो, ते वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने ठरतं. पंचवीस वर्षांत 15 मिलिमीटर आत गेला असेल, तर 30 मिलिमीटरला शंभर वर्षं लागतील. आता त्या काळी सेंट्रिंगवर सळई नीट उचलून धरली नसेल, तर कुठे कव्हर 10 मिलिमीटर पडतं, कुठे 30. जिथे 10 आहे तिथले पोपडे कधीच पडले, आणि शेजारचं तुळईचं काँक्रीट आतून खणखणीत असू शकतं. म्हणजे पोपडे दिसतात ती जागा आजारी आहे एवढंच त्यावरून कळतं. अख्खी इमारत गेली, असा त्याचा अर्थ नाही.

खरा शत्रू पाणी. माझे वडील एका तालुक्याच्या स्टँडवर वस्तीच्या गाडीने मुक्कामी असायचे. वरच्या विश्रांतीगृहात पावसाळा आला की वाहक-चालक आपापल्या खाटा सरकवायचे, आणि कुठली खाट कुठे न्यायची हे सगळ्यांना पाठ होतं. पुढे मी या धंद्यात आल्यावर कळलं, की तो खाटांचा नकाशा म्हणजेच गंजाचा नकाशा. त्यामुळे आजही तपासणीला गेलो की यंत्रं काढण्याआधी झाडलोट करणाऱ्या मावशींना आणि वाहतूक नियंत्रकांना विचारतो, पाणी कुठे टपकतं? बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं. गच्चीवरचे पावसाचे नळ पाल्याने तुंबलेले असतात. ते दुरुस्त करण्याऐवजी गळतीवर कोब्याचा आणखी एक थर चढवलेला असतो, मग आणखी एक. गळती तशीच राहते आणि स्लॅबवरचं ओझं मात्र वाढत जातं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत फलाटावरचा तो लांब छज्जा दिसतोय. सगळ्यांत जास्त काळजी मला त्याची वाटते. अशा एका बाजूने धरलेल्या छज्ज्यात मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण ताण वर येतो. स्लॅब भरताना कामगार त्या जाळीवरून चालतात आणि सळई दबून खाली बसते. बांधणाऱ्याला हे कळतही नाही. त्यात वर पाणी साचलं, की नेमकी तीच सळई गंजते, आणि खालून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. तुम्हाला खालचे पोपडे दिसतात, पण त्या खालच्या सळया तिथे तशाही दुय्यम असतात. म्हणून छज्जा वरून उघडून बघितल्याशिवाय कुणी ‘ठीक आहे’ किंवा ‘धोकादायक आहे’ म्हणत असेल, तर दोन्हीवर विश्वास ठेवू नका. वरच्या जाहिरातफलकाचं आणि पाण्याच्या टाकीचं ओझं मात्र आजच उतरवून घ्या, त्याला कुठल्या अहवालाची गरज नाही.

नीट तपासणी म्हणजे काय? हातोडीने ठोकून बद्द आवाजाच्या जागा खडूने आखायच्या. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडायचं. गुलाबी झालं तिथपर्यंत काँक्रीट शाबूत, पांढरं राहिलं तिथे अल्कली गेलेली. कोअर दाबून ताकद मोजायची, अल्ट्रासॉनिकने आतली पोकळी शोधायची, हाफसेलने, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून, गंजाची शक्यता. मी असे अहवालही पाहिलेत ज्यांत फक्त रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे आणि चार फोटो असतात. जुन्या काँक्रीटवर कार्बनमुळे पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर जास्तीचा आकडा दाखवतो, हे त्यात लिहिलेलं नसतं.

दुरुस्तीबद्दल एकच सांगतो. मी पाहिलेल्या एका स्टँडवर गंजलेल्या सळयांवर सरळ सिमेंटचा गिलावा मारून रंग दिला होता. दोन पावसाळ्यांत तो पासाच्या रांगेशेजारी कोसळला. सुट्टीचा दिवस होता म्हणून खाली मुलं नव्हती. सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, गंज खरवडून लोखंड उजळ करायचं, जिथे जाडी गेली तिथे जोडसळई द्यायची, मग झिंकचा प्रायमर आणि पॉलिमर मॉर्टार, जाड भरायचं असेल तर मायक्रोकाँक्रीट. आणि हे सगळं टेकू देऊन. यातली एकही पायरी गाळून स्वस्तात होत नाही.

आता जिथे मी स्वतः पाडायच्या बाजूने जातो तो भाग. आपण कोयनेच्या शेजारी राहतो. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आमच्या घरात अजून बोलला जातो. पण खांब-तुळयांच्या जोडांत रिंगा जवळ जवळ बांधायचे, भूकंपासाठीचे तपशीलवार नियम असलेली आयएस 13920 ही संहिता आली 1993 मध्ये. त्याआधीच्या स्टँडमध्ये खाली उंच मोकळे खांब, भिंती जवळजवळ नाहीतच, आणि वर विटांच्या भिंतींचा जड मजला अशी रचना हमखास असते. भूकंपाने हलवलं तर खालचाच मजला आधी बसेल. जुन्या इमारतींच्या भूकंप-तपासणीच्या आयएस 15988 या संहितेप्रमाणे याचा हिशोब करता येतो, खांबांना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीने नवं कवच, करता येतं, पण कधी कधी ते इतकं होतं की जुनं काही उरतच नाही. दोन ठिकाणी मी ‘उतरवा’ असंच लिहून दिलंय, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

हिशोबात इमारत टिकली, तर मग काम काय द्यायचं? इथे लोकांची कल्पनाशक्ती फार लवकर संग्रहालयाकडे धावते. इंग्लंडमधल्या प्रेस्टनचं उदाहरण बघा. तिथलं बसस्थानक 1969 चं, दोन्ही बाजूंना 40-40 फलाट, वर गाड्या लावायचे मजले आणि त्यांच्या कडांना वळणदार काँक्रीटचे कठडे. 2012 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नगर परिषदेने ते पाडायचं ठरवलं. लोक लढले आणि 2013 मध्ये त्याला संरक्षित इमारतीचा दर्जा मिळाला. 2018 पर्यंत जॉन पुटिक यांच्या कार्यालयाने ते नूतनीकरण करून दिलं. त्यांनी बस बाहेर काढल्या नाहीत. सगळ्या बस एका बाजूला आणल्या आणि दुसऱ्या बाजूच्या डांबरावर चालणाऱ्यांसाठी चौक केला. 2021 मध्ये या कामाला वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाचा आधुनिक वास्तूंसाठीचा पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या विमानतळावरचं 1962 चं टीडब्ल्यूए टर्मिनल 2019 मध्ये हॉटेल झालं, तेही सुंदर आहे. पण ते विमानतळाचं गिऱ्हाईक असलेलं हॉटेल आहे, आपल्या तालुक्याला तो रस्ता नाही.

हीच माझी अट: एसटी आत राहू द्या. स्टँड गावाबाहेर नेऊन रिकाम्या इमारतीत सांस्कृतिक केंद्र काढलं, तर दोन वर्षांत तिथे पुन्हा कुलूप लागतं. सकाळच्या पहिल्या गाडीपासून माणसांची वर्दळ असते, म्हणूनच कुणी तरी तुंबलेला नळ बघतं आणि तक्रार करतं.

वरच्या बंद मजल्यावर अभ्यासिका काढा. खेड्यावरून येणाऱ्या मुली शेवटची गाडी सुटेपर्यंत वर बसून अभ्यास करतील, यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही. मात्र एक तांत्रिक गोष्ट. विश्रांतीगृहाचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या हिशोबाने केलेला असतो. पुस्तकं वेगळीकडे ठेवलेल्या वाचनकक्षाला 300 लागतात आणि पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला 600. टेबल-खुर्च्या थोड्या बळकटीने चालतील, भिंतभर कपाटं नाहीत. आणि कपाटं खाली ठेवायची म्हटलं तर तुम्ही कृष्णाकाठी आहात. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, जिथे धोक्याची पातळी 45 आहे. सांगलीकर पुस्तक खाली ठेवणार नाही, आणि विजेचे पॅनेलही नाही. पुराचं पाणी काँक्रीटला फारसं मारत नाही, गिलावा आणि वायरिंगला मारतं.

इलेक्ट्रिक गाड्यांचा विचार आजच करा. 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली शिवाई धावली, तोच मार्ग जिथे 1948 साली याच तारखेला पहिली एसटी धावली होती. चार्जिंगची जागा, विजेचा भार आणि 12 मीटरची गाडी वळायला लागणारी जागा हे सगळं जुन्या फलाटांच्या आखणीत बसतं का, हे आर्किटेक्टला आधी मोजू द्या. ‘जुनं स्टँड नव्या गाड्यांना चालत नाही’ हा मुद्दा पुढे येणारच, तेव्हा तुमच्या हातात नकाशा हवा.

वारसा म्हणून संरक्षण मिळेल का, यावर फार भिस्त ठेवू नका. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं 1972 चं हॉल ऑफ नेशन्स जगभरातून विनवण्या होऊनही 2017 मध्ये एका रात्रीत पाडलं. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या 1930 च्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारती 2018 पासून जागतिक वारशात आहेत, समुद्राचा खारा वारा खात. काँक्रीटला वारसा म्हणायला आपल्याला अजून जड जातं, पण तो दगड-लाकडाइतकाच टिकवता येतो.

तुम्ही आत्ता एवढं करा: पाडायची चर्चा ज्या संरचना तपासणीच्या आधारावर चालू आहे, तिचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा, परिशिष्टांसकट. कोअर किती आणि कुठून काढले, छज्जा वरून उघडला होता का, दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च लावला आहे का, हे तीन भाग बघा. नावं झाकून ती पानं इथे टाका, मी वाचून सांगतो. आणि पावसाच्या आत कुणाला तरी गच्चीवर पाठवून ते नळ तेवढे मोकळे करून घ्या.