‘सरेंडर व्हा’ नको, ‘सोपवा’ म्हणा

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या लिहितात: “आमच्या प्रार्थनागटात दोन वाक्यं सारखी कानावर पडतात, ‘प्रभूला सरेंडर व्हा’ आणि ‘जिभेवर ताबा ठेवा’. उपवासकाळातल्या चिंतनासाठी मला ही दोन्ही नीट मराठीत मांडायची आहेत. सरेंडरला शरण म्हणू, समर्पण म्हणू की अधीन? आणि जिभेवर ताबा म्हणावं की जिभेला लगाम?”

ताई, आधी ते ‘सरेंडर’ काढून टाका. हा शब्द आपल्याकडे आला तोच मुळी पोलीस ठाण्यातून आणि रणांगणावरून. पळून पळून दमलेला, दुसरा मार्ग न उरलेला माणूस सरेंडर होतो. त्यात प्रेम नाही, विश्वास तर नाहीच नाही. देवाशी नातं सांगायला हा शब्द वापरायचा म्हणजे देवाला फौजदार करायचं. माझा राग एवढ्यावर थांबत नाही, कारण वर्तमानपत्रांनी त्याचं भाषांतर ‘आत्मसमर्पण’ असं करून ठेवलं आहे. ‘फरार आरोपीचे आत्मसमर्पण’ असा मथळा आठवड्याला एकदा तरी दिसतो. कसलं समर्पण? आरोपी हजर झाला, शरण आला. मराठीत एवढं पुरतं. देवघरातला शब्द उचलून कोठडीच्या दारात नेऊन ठेवला आणि आता प्रवचनात ‘समर्पण’ ऐकलं की तरुण पोरांच्या डोळ्यांपुढे हात वर केलेला माणूस उभा राहतो.

‘अधीन’चं थोडक्यात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘देवाच्या अधीन व्हा’ असं आहे आणि तिथे तो शब्द चपखल आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘हुपोतास्सो’ म्हणजे एखाद्याच्या हाताखाली, नेमून दिलेल्या जागी उभं राहणं. त्याच वाक्यात पुढे सैतानाला अडवण्याची गोष्ट आहे, म्हणून सैन्याची भाषा शोभते. इतरत्र तो शब्द फार कोरडा पडतो.

आता ‘शरण’. काही ख्रिस्ती मंडळी हा शब्द टाळतात, ‘तो आपला नाही’ म्हणून. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, बुद्धस्मारकात ‘बुद्धं शरणं गच्छामि’ ऐकू येतं आणि गीतेत ‘मामेकं शरणं व्रज’ आहे, हे खरं. पण नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने हा आक्षेप घ्यावा? आपल्या शहरात ज्या रस्त्याने आपण रोज ये-जा करतो तो शरणपूर रोड आहे! १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी इथे वस्ती उभारली तेव्हा तिला हेच नाव दिलं. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं याच वस्तीत राहिली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचा संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवाबरोबर लंडनपर्यंत गेला. त्या मुलांना शरण म्हणजे काय ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डोक्यावर छप्पर, ताटात भाकरी, आणि पुन्हा कोणी साखळदंड घालणार नाही ही खात्री.

अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोशही तेच सांगतो: ‘शरणं गृहरक्षित्रोः’. शरण म्हणजे घर आणि शरण म्हणजे रक्षण करणारा. देवाला शरण जाणं म्हणजे घरी जाणं. व्युत्पत्ती सांगणारे जुने पंडित मात्र हा शब्द ‘शॄ’ या मारणे-मोडणे अर्थाच्या धातूपासून काढतात आणि ‘दुःखाचा नाश करते ते शरण’ असा अर्थ बसवतात. मला हे अजिबात पटत नाही. शब्द धातूत कोंबायचा म्हणून अर्थ मुरगाळला आहे. वेदांत ‘शर्मन्’ म्हणजे आसरा हा शब्द शेजारीच उभा असताना मारामारीच्या धातूकडे जायचं कारण काय?

तरीही तुमच्या चिंतनासाठी मी ‘शरण’ची शिफारस करणार नाही, कारण त्याहून सुंदर शब्द तुमच्या घरात रोज वापरला जातो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो म्हणजे ‘सोपवणे’.

‘सोपवणे म्हणजे सोपे करणे, देवाला दिलं की जगणं सोपं होतं’ अशी फोड मी एका भाषणात ऐकली आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. ती फोड चुकीची आहे. सोपवणे हे ‘समर्पण’चंच लेकरू आहे. संस्कृत ‘समर्पयति’, प्राकृतात ‘समप्पेइ’, आणि तिथून झिजत झिजत मराठी ‘सोंपणे’, हिंदी ‘सौंपना’. जुन्या मराठीत ‘सों’वर अनुस्वार लिहीत. तो अनुस्वार म्हणजे ‘सम’मधल्या ‘म’ची उरलेली खूण. अजून मागे गेलात तर ‘अर्पय’ हे ‘ऋ’ म्हणजे जाणे या धातूचं प्रयोजक रूप. म्हणजे सोपवणे म्हणजे मुळात ‘पोचतं करणे’. वस्तू ज्याची त्याच्याकडे पोचवली, एवढाच अर्थ. गावी जाताना शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली देतो, तेव्हा आपण हरलेलो नसतो. आपला त्यांच्यावर भरवसा असतो.

आणि आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते. स्तोत्र ३७ मधलं वचन तुम्हाला पाठ असेल: आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे. तिथे हिब्रूत जे क्रियापद आहे त्याचा उच्चार ‘गोल’. अर्थ: लोट, गडगडत ने. (आपल्या मराठी ‘गोल’शी त्याचं नातं जोडू नका, ध्वनी जुळला इतकंच.) धातू ग-ल-ल. मोठा धोंडा उचलवत नाही, तो लोटावा लागतो. त्यासाठी वापरायचं हे क्रियापद. ज्याला आयुष्याचं ओझं उचलून देवाच्या खांद्यावर ठेवण्याचीही ताकद उरलेली नाही, त्याला स्तोत्रकर्ता म्हणतो, लोट! नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायात ‘आपली कामे परमेश्वरावर सोपव’ आहे, तिथेही हाच शब्द.

या धातूचं गोत पाहा. ‘गिलगाल’ हे गाव, जिथे मिसरची (इजिप्तमधल्या गुलामीची) अप्रतिष्ठा लोटून दिली असं यहोशवाच्या पुस्तकात म्हटलं आहे. ‘गालील’, म्हणजे वर्तुळ, मुलूख. आणि ‘गुलगुथा’, कवटीची जागा, कारण कवटी गोल. येशूचं घर ज्या मुलखात आणि मरण ज्या टेकडीवर, त्या दोन्ही नावांत तोच धातू फिरतो आहे. आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय काढा. गुलगुथ्यावर जमलेले पुढारी खिल्ली उडवतात की हा देवावर भरवसा ठेवत होता, त्यानेच आता याला सोडवावं. हे वाक्य बाविसाव्या स्तोत्रातलं आहे आणि त्या स्तोत्रात हिब्रू शब्द आहे, तोच, ‘गोल’! शुभवर्तमान ग्रीकमध्ये असल्याने तिथे ‘भरवसा’ एवढंच उरलं. पण ते पुढारी शास्त्र जाणणारे होते. माझं ठाम मत आहे की त्यांच्या तोंडी मूळ क्रियापदच आलं असणार. म्हणजे लोटण्याच्या धातूच्या टेकडीवर, लोटण्याचं वचन, टोमणा म्हणून. एका भाष्यकार मित्राने याला ‘शब्दांचा योगायोग’ म्हटलं. असेल योगायोग, पण तो त्या हिब्रू कानांना ऐकू आलाच असेल, आणि भाष्य करणाऱ्यालाही ऐकू यायला हवा.

त्या टोमण्यावर येशू उत्तर देत नाही. आणि मग लूकच्या तेविसाव्या अध्यायात शेवटचा उद्गार: हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो. मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘समर्पण’ लिहिलं नाही, ‘अर्पण’ लिहिलं नाही. त्यांच्या कानाला मी नमस्कार करतो. ग्रीक क्रियापद ठेव ठेवण्याचं आहे, विश्वासाने दुसऱ्याकडे जपायला देण्याचं. किल्ली काकूंकडे देतो ते हेच.

जिभेचं राहिलंच. ‘लगाम’ बायबलला धरून आहे. याकोब घोड्याच्या तोंडातल्या लगामाचाच दाखला देतो, त्यामुळे तो लिहिलात तर कोणी चूक म्हणणार नाही. ‘ताबा’ मला खटकतो. शब्द अरबी म्हणून नव्हे, लगामही बाहेरचाच, फारसी आहे. ‘ताबे’ म्हणजे मागून चालणारा, हुकमातला. आणि त्याच अध्यायात याकोब स्पष्ट सांगतो की पशू-पक्षी माणसाने वश केले, पण जीभ कोणालाही वश करता येत नाही. ज्या गोष्टीवर ताबा मिळत नाही असं शास्त्र सांगतं, तिच्यावर ताबा ठेवा असा फलक लावून काय उपयोग? आपल्याकडे ‘तोंड सांभाळून बोल’ ही धमकी आहे, ती नेहमी समोरच्याला. स्तोत्र १४१ मध्ये माणूस ही विनंती स्वतःसाठी देवाला करतो: माझ्या मुखावर पहारा बसव, ओठांचं दार सांभाळ. ‘पहारा’ आला ‘प्रहर’पासून, दर प्रहरी टोल देणाऱ्या राखणदारापासून. म्हणजे आठही प्रहर. आणि राखण करणारा तिथे देव आहे, बोलणारा नाही. भांडणात ओठावर आलेला शब्द तुम्ही दाबून ठेवलात तर तो आत कुजतो आणि दुसऱ्या दिवशी जावेपुढे बाहेर पडतो. देवावर लोटलात तर तो तुमच्याकडे राहतच नाही.

म्हणून तुमच्या दोन वाक्यांची गाठ मारायची असेल तर पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय घ्या, तेविसावी ओवी. येशूची निंदा झाली, त्याने उलट निंदा केली नाही, धमकावलं नाही. जो नीट न्याय करतो त्याच्यावर त्याने सोपवलं. जीभ आणि सोपवणं एकाच वाक्यात. तिथलं ग्रीक क्रियापद ‘पारादिदोमी’ येशूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदासाठीही वापरलेलं आहे, फक्त तिथे आपण मराठीत ‘धरून देणे’ म्हणतो.

शेवटी प्रत्ययाचं, कारण फलक लिहाल तेव्हा तिथे हमखास घोळ होतो. ओझं, चिंता, न्याय ‘देवावर’ सोपवायचा. माणूस किंवा मूल ‘देवाकडे’. आणि जीव, आत्मा ‘देवाच्या हाती’. ‘देवाला सोपवा’ असं लिहू नका, ते हिंदीचं वळण आहे.