वाचकांचे प्रश्न : एम.एस्सी., संशोधन आणि त्यानंतरच्या पोटापाण्याचा विचार

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असून माझा मुख्य विषय रसायनशास्त्र आहे. दुसऱ्या वर्षाअखेर मला ७८ टक्के गुण आहेत. आय.आय.टी.मधून एम.एस्सी. करून पुढे प्राध्यापक व्हावे, अशी माझी इच्छा आहे. वडील शेतकरी आहेत. त्यांचे म्हणणे असे की, इथेच एम.एस्सी. आणि मग बी.एड. करून नोकरी पाहावी. महाविद्यालयातील मॅडम म्हणतात, आधी पदवी तर पदरात पडू दे, प्रवेशाचे नंतर पाहू. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : मॅडमचा सल्ला आपल्याकडील विद्यापीठांच्या प्रवेशापुरता ठीक आहे, कारण तेथे निकाल लागल्यावर अर्ज सुटतात. आय.आय.टी.च्या बाबतीत मात्र तो पाळलात तर तुमचे एक वर्ष वाया जाईल. एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ ही परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरावे लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षाची पहिली सहामाही चालू असतानाच. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो, पदवीची गुणपत्रिका पुढे ठरलेल्या मुदतीत दाखवावी लागते. मराठवाड्यातील हुशार मुले या परीक्षेला कमी बसतात, याचे मोठे कारण मला तरी अभ्यासाची भीती हे वाटत नाही; जून-जुलैमध्ये चौकशीला निघाल्यावर दार आठ महिन्यांपूर्वीच बंद झाल्याचे कळते, हे वाटते.

परीक्षा १०० गुणांची, तीन तासांची आणि संगणकावर असते; एकूण ६० प्रश्न असतात. त्यांपैकी एकच पर्याय बरोबर असलेल्या ३० प्रश्नांना चुकीच्या उत्तराबद्दल त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या १० प्रश्नांना आणि आकड्यात उत्तर लिहावयाच्या २० प्रश्नांना गुणकपात नाही. आपल्याकडे रसायनशास्त्राचा अभ्यास ‘टिपा लिहा’ आणि ‘स्पष्ट करा’ या पद्धतीने होत असल्याने आकड्यांच्या या २० प्रश्नांचे ३० गुण बहुतेकांच्या हातून सुटतात. तयारी करायची तर तेथून करावी. भौतिक रसायनशास्त्राची गणिते रोज सोडवावीत आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते, पण तिच्यात भाषेपेक्षा सूत्रे अधिक असतात. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील एन.पी.टी.ई.एल.ची (आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची) व्याख्याने विनामूल्य पाहता येतात; त्यासाठी लातूरला खोली घेऊन शिकवणी लावण्याची गरज नाही. या गुणांची मुदत एकच वर्ष असते. बंगळुरूच्या आय.आय.एस्सी.चा एकात्मिक पीएच.डी. (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) अभ्यासक्रमही याच गुणांवर भरला जातो, तोही पर्याय डोळ्यांपुढे ठेवावा.

प्रवर्गाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, तरी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, कारण याच ठिकाणी सर्वांत जास्त मुलांचे अर्ज अडकतात. केंद्रीय संस्थांना ओ.बी.सी.चे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते; राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले चालत नाही. राज्याचे मराठा समाजासाठीचे एस.ई.बी.सी. आरक्षणही तेथे लागू नाही. केंद्राच्या ई.डब्ल्यू.एस. (आर्थिक दुर्बल घटक) सवलतीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असावे लागते आणि पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास ती मिळत नाही. कोरडवाहू पाच एकर आणि बागायती पाच एकर यांत हा नियम फरक करीत नाही, हे आपल्या भागाच्या दृष्टीने अन्यायाचेच आहे. पण अर्ज भरताना नियम आहे तसाच धरावा लागतो. सेतू केंद्रातील आणि तहसीलमधील खेपा लक्षात घेऊन कागदपत्रांच्या मागे आजच लागावे.

आता प्राध्यापकपदाविषयी. सहायक प्राध्यापकासाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) पात्रता परीक्षा ही किमान पात्रता आहे, पीएच.डी.ची सक्ती १ जुलै २०२३ पासून उठली. तरीही पात्र होणे आणि नेमणूक मिळणे यांत आपल्याकडे कित्येक वर्षांचे अंतर पडते. तासिका तत्त्वावर शिकवणारे, तासांवर पैसे मिळणारे आणि तेही उशिरा मिळणारे पीएच.डी.धारक तुमच्याही महाविद्यालयात असतील. त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोलावे. त्यामुळे ‘प्राध्यापक नाही तर काहीच नाही’ अशी आखणी करू नये. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच सी.एस.आय.आर. नेट, म्हणजे विज्ञान विषयांची नेट, देता येते. तिच्यातून जे.आर.एफ. (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये शिष्यवृत्ती असते, म्हणजे संशोधनाचा भार घरावर पडत नाही. दुसरीकडे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमधील औषधनिर्मिती कारखान्यांना क्यू.सी. (गुणवत्ता तपासणी) आणि आर अँड डी (संशोधन) विभागांसाठी एम.एस्सी. झालेली मुले लागतात. मात्र मुलाखतीत एच.पी.एल.सी. (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे) यंत्र स्वतः चालवले आहे का, असे विचारतात. चालू यंत्रावर विद्यार्थ्यांना हात लावू देणारी प्रयोगशाळा ज्या विभागात आहे, तो विभाग निवडावा.

वडिलांचे म्हणणे मी चूक ठरवणार नाही. त्यांना खर्चाची आणि दूर पाठवण्याची काळजी आहे, आणि शिक्षक भरतीसाठी टेट (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) देऊन राज्याच्या पवित्र पोर्टलवर वाट पाहावी लागते, हे त्यांना कदाचित कोणी सांगितलेले नाही. जॅमचा अर्ज भरल्याने घरचा रस्ता बंद होत नाही. निकाल हाती आल्यावर दोन्ही पर्याय समोर ठेवून त्यांच्याशी बोलावे.

प्रश्न : मी इतिहासात एम.ए. केले असून वय २७ आहे. एम.पी.एस.सी.च्या चार वर्षांच्या तयारीत यश आले नाही. आता पीएच.डी. करावी असे वाटते. उशीर झाला का? विषय कोणता घ्यावा?
— एक वाचक, परभणी

उत्तर : उशीर झालेला नाही, पण पुढची तीन वर्षे मोजून वापरावी लागतील. यू.जी.सी. नेटमधून जे.आर.एफ.साठी खुल्या प्रवर्गाला तीस वर्षांची मर्यादा आहे. सहायक प्राध्यापक म्हणून पात्र होण्यास वयाची अट नाही. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. जे.आर.एफ. नसलेल्यांच्या बाबतीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असून हे गुण प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. पहिल्या पेपरमधील तर्कबुद्धी, आकडेमोड आणि उतारे यांची तुमची तयारी एम.पी.एस.सी.ने करून घेतलेलीच आहे.

विषयाबाबत माझे मत ठाम आहे. मुक्तिसंग्रामावर १९४८च्या घटनाक्रमाची पुन्हा एकदा नोंद करणारे प्रबंध पुरेसे झाले. निजामकालीन महसुली कागदपत्रे उर्दू, फारसी आणि मोडीत असून ती वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासंदर्भात नेमलेल्या न्या. शिंदे समितीसाठी जुन्या कुणबी नोंदी शोधताना मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज किती मोठी आहे, हे सर्वांनी पाहिले. वर्षभर देऊन या दोन लिपी शिकलात, तर प्रबंधाला नवी साधने मिळतील आणि नोकरी लांबली तरी जुन्या दस्तऐवजांचे वाचन व लिप्यंतर हे हाताशी राहणारे काम होईल. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडील दोन-तीन संशोधकांना गाठून कोणाला किती वर्षे लागली आणि ते आज कोठे आहेत, हे विचारावे. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात; जागा रिकामी आहे एवढ्यावरून मात्र मार्गदर्शक ठरवू नये.

प्रश्न : परदेशातील विद्यापीठासाठी शिफारसपत्र मागितले असता सर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे योग्य आहे का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : योग्य नाही, पण सर्रास चालते. स्वतः लिहिलेले पत्र ओळखू येते, कारण त्यात विद्यार्थ्याला ठाऊक असलेलेच तेवढे असते. पत्राऐवजी सरांना एक पान टाचण करून द्यावे : त्यांचे कोणते विषय शिकलात, प्रकल्पात नेमके काय केले, कोठे अडलात आणि त्यातून मार्ग कसा काढला, अर्ज कोणत्या अभ्यासक्रमाचा आहे आणि अंतिम तारीख कोणती. त्यावरून चार परिच्छेद लिहायला सरांना अर्धा तास पुरेल. बहुतेक विद्यापीठे पत्र शिक्षकांच्या संस्थेच्या ईमेलवरूनच मागवतात. तेव्हा सरांचा तो पत्ता चालू आहे ना, हे आधी पाहावे आणि तारखेच्या महिनाभर अगोदर भेटावे.