ठिपका केव्हा दिसला?

प्रिय मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठवड्याभरात सहा जुने सिनेमे थिएटरात लागतायत, तुला जायला मिळणार दोनच दिवस, आणि सहापैकी चार तू लॅपटॉपवर 'पाहिलेले' आहेत. मग न पाहिलेले दोन बघावेत, की सगळ्यांत भव्य असतील ते दोन, हा तुझा घोळ. इथवर मला काही वाटलं नाही. पण शेवटी लिहिलंयस की 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' चाळीस मिनिटांत बंद केला, झोप आली, आणि आता वाटतंय की जुना सिनेमा बघायची आपली कुवतच नाही. ते वाचून राहवेना, म्हणून रात्रीच लिहायला बसले.

कुवतीचं राहू दे बाजूला. मला एवढंच सांग, ठिपका केव्हा दिसला?

विहिरीचा प्रसंग आठव. चाळीस मिनिटांच्या आतच येतो तो, म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोरून गेलाय. वाळवंटात लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या पाण्यापाशी थांबलेत. वाटाड्या थबकतो आणि क्षितिजाकडे बघत राहतो. तिथे मृगजळ थरथरतंय, आणि त्या थरथरीत एक काळा ठिपका आहे. तो हळूहळू लांबतो, पाण्यावर तरंगल्यासारखा डुलतो, आणि खूप उशिरा कळतं की उंटावर बसून माणूस येतोय. छायालेखक फ्रेडी यंग यांनी या दृश्यासाठी 482 मिलिमीटरची, म्हणजे लांबचं जवळ ओढून दाखवणारी लेन्स वापरली होती. दिग्दर्शक डेव्हिड लीनने तिथे संगीत ठेवलेलं नाही. तुझ्या लॅपटॉपवर तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढाही नसणार. तुला दिसला तो थेट उंटस्वार. म्हणजे तुझ्यापुरतं त्या दृश्यात काही घडलंच नाही. दोन माणसं बराच वेळ नुसती उभी होती, मग तिसरा आला. झोप येईल नाहीतर काय होईल?

हा ठिपक्याचा प्रश्न मला एका माणसाने विचारला होता. तुझ्याच वयाची असताना मी हा सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. तेव्हा टीव्हीची चौकट पुरती भरावी म्हणून रुंद चित्राच्या बाजू छाटून टाकत. 70 एमएमच्या रुंद फिल्मवरचं चित्र त्या चौकोनात कोंबायचं तर जवळपास 40 टक्के भाग जातो. जे काही उरलं होतं त्याच्या जोरावर मी एका अंकात लेख लिहिला, की सिनेमा संथ आहे आणि दिग्दर्शक वाळूच्या प्रेमात पडलाय. लोकांनी पाठ थोपटली. आमच्या फिल्म सोसायटीचा प्रोजेक्टर चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, ते मात्र काहीच बोलले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या खोलीत गेले, लेख कसा वाटला ते विचारायला. ते रीळ उलटं गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "ठिपका केव्हा दिसला?" मी विचारलं, कुठला ठिपका? ते पुढे काही बोलले नाहीत. फिल्मच्या कडेला बोट लावून, कुठे भोकं फाटलीत का ते चाचपत, गुंडाळत राहिले.

मला भयंकर राग आला होता आणि तो राग मी पुष्कळ वर्षं जपला. मग केव्हातरी सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा योग आला. रॉबर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरवलेले तुकडे शोधून, जोडून 1989 साली पुन्हा उभी केलेली आवृत्ती होती ती. वाटाड्याची नजर वळली तशी माझीही वळली, आणि मी पडद्यावर शोधायला लागले. मलाच शोधावा लागला, कारण कॅमेरा बोट दाखवत नाही. सापडला तेव्हा माझ्या हातांनी खुर्चीचे दांडे आवळून धरले होते. शेजारच्या बाईंना तो माझ्यानंतर दिसला असावा, त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. आणि हे ज्यांना जाऊन सांगायचं ते गृहस्थ तोवर राहिले नव्हते. माझा लेख मात्र कुठल्यातरी कपाटात आहे, माझ्या नावानिशी.

म्हणून तुला सांगते, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मोठा पडदा लहान गोष्टींसाठी असतो. लढाया, महाल, माणसांची गर्दी बघायला थिएटरात जायचं, ही समजूत आधी काढून टाक. हजार घोडे लॅपटॉपवरही हजारच दिसतात. दिसत नाही तो ठिपका.

70 एमएमची फिल्म कशासाठी होती असं वाटतं तुला? नेहमीच्या 35 एमएमच्या मानाने तिच्यावर चित्राला सुमारे साडेतीनपट जागा मिळते. ती जागा नुसता डोंगर आणखी मोठा दिसावा म्हणून वापरणारे दिग्दर्शक होते, नाही असं नाही, पण त्यांचे सिनेमे आज कोणी काढून बघत नाही. स्टॅनली कुब्रिकने '2001: अ स्पेस ओडिसी'त, 1968 साली, त्या जागेचं काय केलं? अंतराळवीर फ्रँक पूल यानाबाहेर असताना त्याचा श्वास तुटतो, आवाज पूर्ण जातो, आणि त्याचा देह गरगरत लांब जातो. जाता जाता चांदण्यांच्या मानानेही लहान होतो. तो लहान होताना बघत राहायचं असतं, अगदी दिसेनासा होईपर्यंत. फोनवर तो पहिल्या क्षणीच दिसेनासा होतो. या सिनेमाची 70 एमएमची प्रिंट एकदा माझ्या आवाक्यात आली होती. त्या दिवशी ऑफिसात काहीतरी काम निघालं. काय काम होतं ते आज आठवतसुद्धा नाही. पुन्हा येईल की, असं म्हणून मी राहिले. ती पुन्हा आली नाही. पुढे डिजिटल प्रतीवर पाहिला, उत्तम होती, तक्रार नाही. पण तुझ्या पत्रातलं 'कधीतरी बघेनच' हे वाक्य वाचून मला तो दिवस आठवला, आणि तुझा राग आला. दोन दिवस मिळतायत ना? मग जा.

आता तुझं 'पाहिलेले'. हा शब्द मला सहन होत नाही. जॅक तातीचा 'प्लेटाइम' (1967) तू पाहिलाय म्हणतोस. सांग बरं, मागे उभ्या असलेल्या माणसांपैकी पुठ्ठ्याची कोणती होती? तातीने या सिनेमासाठी पॅरिसजवळ काचेच्या इमारतींचं आख्खं शहर उभारलं, त्यापायी कर्जात बुडाला, आणि त्या शहराच्या दूरच्या कोपऱ्यांत खऱ्या माणसांबरोबर माणसांची पुठ्ठ्यावरची छायाचित्रं उभी केली. जवळून चेहरा तो दाखवतच नाही म्हटलं तरी चालेल. एकाच चौकटीत पाचसहा गोष्टी एकदम चालू असतात आणि कुठे बघायचं ते तुझ्यावर सोडलेलं असतं. डावीकडच्या वेटरकडे बघशील तर उजवीकडचं दार निसटेल. आजूबाजूचे लोक वेगवेगळ्या वेळी हसतात, आणि कोण कशाला हसलं ते शोधत तू मान वळवतोस. हा सिनेमा तेरा इंचांवर बघितला तर गर्दीत हरवलेली काही माणसं दिसतात, बस. तो तू पाहिलेला नाहीस. त्याबद्दल ऐकलंयस म्हण.

'द थर्ड मॅन' (1949) तुझ्या सहात नाही, तरी सांगते, पुढेमागे लागला तर सोडू नकोस. शेवटी व्हिएन्नाच्या दफनभूमीतला सरळ लांब रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडं, आणि अगदी टोकाला एक ठिपका. ती सिनेमाची नायिका, ॲना आहे. ती चालत येते, चालतच राहते, पानं गळत असतात, आणि वाट बघत थांबलेल्या माणसाकडे न बघता निघून जाते. ती ठिपक्याएवढी असल्यापासून तू तिच्याबरोबर चालला असशील, तरच ते निघून जाणं तुला लागेल.

'पथेर पांचाली' (1955) तुझ्या यादीत आहे, आणि तू लिहिलंयस की तो 'साधा' आहे, मोठ्या पडद्याची त्याला काय गरज! अरे, बहीण दुर्गा गेल्यानंतर अपूला तिने चोरून लपवलेला हार सापडतो आणि तो तळ्यात फेकतो, ते आठवतंय? शेवाळ बाजूला होतं, मधे काळं पाणी दिसतं, आणि मग शेवाळ हळूहळू जवळ येऊन ती जागा बुजवून टाकतं. लॅपटॉपवर तुला कळलं की हार बुडाला. ती फट बुजताना दिसली का? पुरती बुजते की थोडी उरते? त्या बहिणीची सगळी अब्रू त्या बुजण्यात आहे. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनला आगीत होरपळली होती. लोकांनी अक्षरशः जळक्या पट्ट्या हाताने सोडवून, भोकं दुरुस्त करून तो 2015 साली परत आणला. तू त्याला साधा म्हणणार?

'कागज के फूल' (1959) बघशील तेव्हा याच कारणासाठी बघ. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत सोडलेला तो उजेडाचा झोत सगळे वाखाणतात. तू झोत सोड, त्यातली धूळ बघ.

तुझ्या दोन दिवसांतला पहिला अर्थात लॉरेन्स. आता दुसरा सिनेमा, आणि इथे तुझे मित्र तुला वेड्यात काढतील. कार्ल ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क', 1928 चा, मूकपट, चौकोनी चित्र, जवळजवळ सगळे चेहरेच. चेहरे तर लॅपटॉपवर दिसतातच की, असं म्हणशील. थांब. जोन झालेल्या फाल्कोनेतीच्या चेहऱ्यावर मेकअप नाही. ओठांना पडलेल्या चिरा दिसतात. एका प्रसंगात तिच्या चेहऱ्यावर माशी येऊन बसते. अश्रू डोळ्यातून निघून कुठवर येतो, कुठे अडतो, ते दोन मजली उंचीच्या चेहऱ्यावर बघायचं असतं. याही सिनेमाची पहिली निगेटिव्ह जळाली, आणि मूळ रूपातली प्रत 1981 मध्ये ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात सापडली.

या सिनेमापायी माझ्यावर एक ठपका आहे, तो तुला कुणाकडून तरी कळेलच, त्यापेक्षा मीच सांगते. आमच्या सोसायटीने त्याचा खेळ ठेवला होता. प्रोजेक्टरला रुंद चित्राची चौकट लावलेली राहिली होती, त्यामुळे चौकोनी चित्राचं वरचं-खालचं कापलं जात होतं. जोनचं कपाळ गेलं, हनुवटी गेली. मी दहा मिनिटं कळ काढली आणि मग उठून खेळ बंद करायला लावला. लेन्स आणि चौकट बदलून परत सुरू करेपर्यंत तास गेला, आणि निम्मे लोकही. ज्या मैत्रिणीबरोबर मी चौदा वर्षं सोसायटी चालवली, ती म्हणाली, लोक रंगून बघत होते, तू त्यांचा अपमान केलास. तिने राजीनामा दिला. दोन वर्षांनी सोसायटी बंद पडली. माझ्या हट्टाने बुडाली असं बोललं जातं. असेलही. मैत्रीण गेली याचं दुःख मला आहे, रोज आहे. तिच्याशी मी त्या संध्याकाळी नीट बोलायला हवं होतं. पण खेळ थांबवला याचं दुःख नाही. ड्रायरने ते कपाळ तिथे ठेवलं होतं. ते कापून दाखवायचं आणि लोक रंगलेत म्हणून गप्प बसायचं? ज्या अर्ध्या लोकांनी तास थांबून तो सिनेमा अखंड पाहिला, त्यांच्यातले दोघे अजून मला भेटले की माशीबद्दल बोलतात. मी आजही थांबवीन.

तेव्हा तुलाही तो हक्क आहे हे ध्यानात ठेव. डोकी कापली जात असतील, चित्र दोन्हीकडून ताणलेलं असेल, पडदा काळवंडलेला वाटला, तर सरळ बाहेर ये आणि सांग. संकोच करू नकोस. प्रत फिल्मवर आहे की डिजिटल, याचा मात्र तुझ्यासारखा काथ्याकूट करू नकोस. फिल्मची चांगली प्रिंट असेल तर भाग्य समज, डिजिटल असेल तर चौकट शाबूत आहे ना एवढं बघ. आणि मागच्या रांगा सोड. पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात बस, चित्राच्या या टोकापासून त्या टोकाला जायला डोळे फिरवावे लागतील इतक्या जवळ. मागे बसून तू परत एक लॅपटॉपच बघशील.

तर लॉरेन्स आणि जोन. 'सेव्हन सामुराई' या वेळी हुकला तरी चालेल. तो 207 मिनिटांचा आहे आणि थोर आहे, पण तो पुन्हापुन्हा लागतो. तुझ्या मित्रांना भव्य हवं असेल तर त्यांना जाऊ दे हवं तिकडे. तू एकटा जा.

लॉरेन्सला दहा मिनिटं आधी पोच. दिवे गेल्यावर सुरुवातीला चारेक मिनिटं पडदा काळाच राहील आणि नुसतं संगीत वाजेल. बिघाड झालाय असं समजून लोक कुजबुजतील, कोणीतरी फोन काढेल. तू काढू नकोस. तेवढ्यात डोळे अंधाराला सरावतात.

तुझी,
मावशी