बुधवारचे बांगडे आणि पाच अलार्म

प्रिय 'घोडबंदर रोडवरची अस्वस्थ',

तुझं पत्र थोडक्यात असं: माहेर कॅथलिक, सासर हिंदू, नोकरी ऐरोलीला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्राचीन ख्रिस्ती मठवाशांसारखं राहायचं ठरवलंस. फोनवर प्रार्थनेचे पाच अलार्म, बुधवार-शुक्रवार कडक उपवास, रात्री जेवणानंतर मौन. महिनाभरात नवरा वैतागला, सासूबाई "रुसलीस का गं?" म्हणून विचारतात, मीटिंगमध्ये अलार्म वाजला तेव्हा मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडल्या. संसारात हे जमणारच नाही का, असं विचारतेस.

जमतं की! तू मठाचं वेळापत्रक तेवढं उचललंस, तिथला समंजसपणा तिथेच ठेवून आलीस.

सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली. तीत दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना आहे खरी. पण पन्नासावं प्रकरणही वाच, चार ओळींचं आहे. लांब कामावर गेलेल्यांनी धावतपळत प्रार्थनागृह गाठायचं नाही, असतील तिथेच प्रार्थना करायची. प्रवासात असतील त्यांनी जमेल तशी. मठवाशांना ही मुभा, तर कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या तुला का नाही?

चार अलार्म आजच काढ. दुपारचा एक राहू दे, व्हायब्रेटवर. सकाळी ट्रान्स हार्बर लोकलमध्ये चढलीस की ऐरोलीपर्यंत बायबलमधलं एकच स्तोत्र घे. १२१वं घे, आठच वचनं आहेत. भरभर संपवू नकोस. एखाद्या वचनापाशी मन अडलं तर तेच पुन्हा पुन्हा म्हण, पुढचं राहिलं तर राहिलं. मठांत शास्त्र असंच पुटपुटत वाचायचे. डब्यात कुणी वळूनही बघणार नाही, शेजारचीची हनुमान चालीसा चालूच असते.

आता उपवास. बुधवार-शुक्रवार हे अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींचे उपवासाचे वार, हे तू बरोबर वाचलंस. पण तुझ्या सासरी तेच माशांचे वार! सासूबाई कोळणीशी घासाघीस करून ताजे बांगडे आणणार आणि तू ताटापुढे तोंड पाडून बसणार. येशूने तर उपवासाच्या दिवशी तोंड धू, डोक्याला तेल लाव, कुणाला कळू देऊ नकोस, असं सांगितलं. इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी पाहुणा आला की उपवास सोडत. त्यांतल्या एकाचं म्हणणं मठजीवनावर लिहिणाऱ्या कॅसियनने नोंदवलंय, त्याचा आशय असा: उपवास कायम माझ्याजवळ आहे, तुम्ही मात्र निघून जाल. आणि शुक्रवारी चर्च मांस वर्ज्य सांगतं, मासे नव्हे. तेव्हा ऑफिसातला चार वाजताचा वडापाव सोड, ते पैसे गरजूला दे, आणि रात्री कालवण मागून घेऊन जेव. गुड फ्रायडेचा उपवास मात्र घरात आधी सांगून पाळ.

मौन बंद. हवंच असेल तर फोनला पाळायला लाव.

अजून एक. उपवासकाळात आपण काय सोडणार, हे मठाधिपतीला सांगून त्याची संमती घ्यावी, असाही बेनेडिक्टचा नियम आहे. तुमच्या घरी मठाधिपती कोण, ते तूच ठरव. मला तरी सासूबाईच दिसतात.

तुझी,
ताई