कानाचं मशीन कपाटात का जातं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या प्रश्नांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: मशीन घेतलं, पैसे गेले, आणि ऐकू तर नीट येतच नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते. त्यातलं बरंचसं इतरांनाही लागू पडेल.

प्रश्न: माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी दोन्ही कानांची मिळून 80,000 रुपयांची मशीन घेतली. काही दिवस लावली, मग "नुसता गोंगाट ऐकू येतो, बोलणं कळत नाही" म्हणून काढून ठेवली. जिथून घेतली ते म्हणतात, मशीन ओके आहे. आणखी भारीतलं घ्यावं का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: नाही, एवढ्यात एक रुपयाही खर्च करू नका. आधी आहे ते मशीन त्यांच्या कानाला नीट बसवून घ्या.

वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. खालच्या पट्टीतले आवाज बराच काळ शाबूत राहतात, वरच्या पट्टीतले आधी जातात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच हलकी. त्यामुळे "साखर संपली" म्हटलं की सासऱ्यांना कुणीतरी बोललं हे समजतं, काय बोललं ते समजत नाही. अशा कानाला सरसकट आवाज वाढवून दिला तर पंखा, भांडी, बाहेरचे हॉर्न अंगावर येतात आणि व्यंजनं हरवलेलीच राहतात. "नुसता गोंगाट" म्हणजे बहुतेक वेळा हेच. त्यांची तक्रार खरी आहे, ते हट्ट करत नाहीयेत.

"मशीन ओके आहे" याचा अर्थ ते चालू आहे, एवढाच. त्यातून कानाच्या पडद्यापर्यंत किती आवाज पोचतो, हा वेगळा प्रश्न. मशीन कॉम्प्युटरला जोडलं की सॉफ्टवेअर ऑडिओग्रामवरून (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरून) पहिलं सेटिंग स्वतःच देतं, पण ते सरासरी कानासाठी असतं. प्रत्येकाच्या कानाच्या नळीची लांबी-रुंदी वेगळी, म्हणून तेच सेटिंग एकाला कमी पडतं तर दुसऱ्याला बोचतं. हे तपासायला 'रिअल इअर मेजरमेंट' नावाची चाचणी आहे. शेवयीएवढी बारीक, मऊ नळी कानात पडद्याजवळ सरकवतात, तिच्यावर मशीन लावतात आणि समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज सुरू करतात. पडद्याजवळ प्रत्यक्ष पोचलेला आवाज स्क्रीनवर एका रेषेत दिसतो, हवा तेवढा आवाज दुसऱ्या रेषेत. दोन रेषा जुळेपर्यंत सेटिंग बदलायचं. दुखत नाही, फार वेळही लागत नाही. सगळीकडे ही सोय नसते; म्हणून मशीन घेण्यापूर्वीच "ही चाचणी करता का?" असं स्पष्ट विचारा. माझ्या मते मशीनच्या चॅनेलच्या (आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे हाताळतं त्याच्या) आकड्यापेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

तुम्ही आता काय करायचं? आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानात मळ नाही ना, हे बघून घ्या. मळाने नळी बुजली असेल तर सर्वांत महागडं मशीनही मुकंच. मग ऑडिओग्राम नव्याने काढा, दीड वर्षापूर्वीच्या आलेखावर विसंबू नका. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) गेलात की मशीनमधली वापराची नोंद बघायला सांगा. बहुतेक डिजिटल मशीन दिवसाला सरासरी किती वेळ लावलं हे साठवून ठेवतात, त्यावरून पुढचं ठरवता येतं.

"माझाच आवाज मला घुमतो" अशीही त्यांची तक्रार असेल तर तीही आवर्जून सांगा. कान पूर्ण बुजवणारा डोम (मशीनच्या टोकाची मऊ टोपी) किंवा कानाच्या मापाचा साचा असेल तर स्वतःचा आवाज आतच कोंडतो. खालच्या पट्टीचं ऐकणं चांगलं असेल तर उघडा डोम किंवा साच्यात मोठं छिद्र देऊन हे बरंच कमी होतं.

राहिली सवय. कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूकडे परत येतात, तेव्हा ते वेगळे काढायला त्याला काही आठवडे लागतात. सुरुवात घरात, एका माणसाशी समोरासमोर बोलण्यापासून करा. मग टीव्ही, मग चार माणसं. रविवारी सकाळच्या मिसळीच्या गर्दीत पहिल्याच आठवड्यात नेऊ नका. नंतर न्याल तेव्हा अशी जागा निवडा की गोंगाट त्यांच्या पाठीमागे आणि तुम्ही समोर. मशीनचे माईक समोरचं जास्त उचलतात. आणि घरच्यांनी स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद करायला हवं. मशीन लावलं म्हणजे भिंतीपलीकडचं ऐकू येईल, ही अपेक्षा त्यांच्यावर लादू नका.

प्रश्न: वय 46, द्राक्षबाग आहे. गेली कित्येक वर्षं ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी करतो. कानात सतत शिट्टी वाजते, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ऑनलाइन 1,500 रुपयांत मशीन मिळतंय. घेऊ का? (निफाड तालुका)

उत्तर: घेऊ नका. ते मशीन नुसता आवाज मोठा करतं. तुमच्या कानाला कुठे किती हवा आणि कुठे थांबायचं, हे त्याला ठाऊक नसतं. आवाजानेच जो कान खराब झालाय त्यात आणखी मोठा आवाज ओतायचा, हे धोक्याचं आहे.

ब्लोअरवाल्यांच्या ऑडिओग्राममध्ये 4,000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, खड्डा (तिथलं ऐकणं कमी झालेलं) दिसणं नेहमीचं. ट्रॅक्टर चालवताना मागच्या फवाऱ्याकडे उजव्या खांद्यावरून पाहायची सवय असेल तर डावा कान इंजिनाकडे राहतो आणि त्याला जास्त मार बसतो. पण तुमच्याही बाबतीत हेच असेल असं मी इथे बसून ठरवणार नाही. एका कानाने कमी ऐकू येण्यामागे दुसरंही कारण असू शकतं, म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि हे सगळ्यांसाठी: एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं बंद झालं तर छाटणी असो की काढणी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होत जाते.

पुढच्या फवारणीपासून कानावर इअरमफ (दोन्ही कान झाकून आवाज अडवणारे) हवेतच. औषधासाठी मास्क लावता ना, तसेच हेही. झालेलं नुकसान भरून येत नाही, पुढचं थांबवता येतं.

प्रश्न: नातू 20 महिन्यांचा आहे, अजून "आई"सुद्धा म्हणत नाही. थाळी वाजवली की वळून बघतो. घरचे म्हणतात, त्याचा बापही उशिरा बोलला होता. थांबावं का? (सिडको)

उत्तर: आजी, एक दिवसही थांबू नका. थाळीचा आवाज मोठा असतो, शिवाय बाळ तुमच्या हाताची हालचाल पाहूनही वळतं. बोलणं ऐकू येण्याएवढा कान चांगला आहे की नाही, हे थाळीवरून कळत नाही.

अपेक्षा अशी असते: जन्मानंतर पहिल्या महिन्यात ऐकण्याची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, आणि दोष असेल तर सहाव्या महिन्यापर्यंत मशीन. नातवाची ती वेळ गेली आहे, म्हणून घाई. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या दोन चाचण्यांना मुलाने उत्तर द्यावं लागत नाही. बेरा झोपेत करतात, म्हणून त्या दिवशी त्याला लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका. जन्मानंतर काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ जास्त होती का, याचे कागद बरोबर आणा. ऐकणं उत्तम निघालं तर आनंदच. मग न बोलण्याचं दुसरं कारण शोधता येईल.

प्रश्न: पावसाळा लागला की माझं मशीन आठवड्यात एकदा तरी बंद पडतं. (इगतपुरी)

उत्तर: इगतपुरीच्या पावसात नुसती दमट हवाही पुरते. रात्री मशीन उघड्यावर ठेवू नका. सिलिका जेलची डबी मिळते. सेल काढून, त्याचं दार उघडं ठेवून मशीन तिच्यात झोपण्यापूर्वी ठेवा. सेल मात्र डबीबाहेर. डबीतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्यांनी ओल शोषायचं थांबवलंय, ते बदला. उन्हात, हेअर ड्रायरखाली किंवा गरम तव्याजवळ मशीन वाळवू नका.

कानामागचं आणि साच्याचं मशीन असेल तर नळीत पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि आवाज मध्येच तुटतो. साचा मशीनपासून वेगळा करून रबरी फुग्याने नळीत हवा मारा. नळी कडक, पिवळी झाली असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून बदलून घ्या. कानातच स्पीकर असलेलं मशीन असेल तर टोकाची पांढरी जाळी तपासा. बंद पडलेल्या मशीनमध्ये कित्येकदा ती मळाने बुजलेली असते. टाचणी घालू नका, जाळीच बदला.

आणि नाशकात रंगपंचमीला येणार असाल तर रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उडी मारण्याआधी मशीन घरी ठेवून या.

प्रश्न: निवृत्त आहे, पेन्शन नाही. सरकारकडून काही मदत मिळते का? (नाशिकरोड)

उत्तर: मिळते. 65 पूर्ण असतील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 3,000 रुपये एकदाच खात्यावर जमा होतात. चांगल्या मशीनला ते पुरणार नाहीत, हातभार लागेल. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 60 वर्षांवरच्या गरजूंना शिबिरात मशीनच मिळतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. 2016 च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत 60 डेसिबल किंवा जास्त दोष लागतो.

शिबिरातलं मशीनही ऑडिओलॉजिस्टकडून तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे लावून घ्या. ती व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि विकत घेतलंत तर बिल बघा, श्रवणयंत्रावर जीएसटी नाही.

प्रश्न: दोन्ही कानांना मशीन लागतंच का? आणि सेल लवकर का संपतात? (सातपूर)

उत्तर: दोन्ही कानांत दोष असेल तर दोन घ्यावीत. आवाज कुठून आला हे दोन कानांच्या फरकावरूनच कळतं. द्वारका चौकात रस्ता ओलांडताना ते लागतं. गर्दीत बोलणं वेगळं काढायलाही दोन कान हवेत. पैशाची अडचण असेल तर दोन साधी मशीन एका महागड्यापेक्षा बरी, असं मी बहुतेकांना सांगते.

सेल हवेवर चालतात. रंगीत स्टिकर काढला की ते जागे होतात. मग परत चिकटवला तरी थांबत नाहीत. स्टिकर काढून दोन मिनिटं तसेच ठेवा, मग घाला. रात्री दार उघडं ठेवा. स्टिकरचा रंग लक्षात ठेवा: पिवळा 10, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. वापरलेले सेल टेबलावर पडू देऊ नका. घरातल्या लहान मुलाने गिळला तर केळी खाऊ घालत, वाट बघत बसू नका, तडक रुग्णालयात न्या आणि सेलचं पाकीट बरोबर ठेवा.