कान तिकडे, सवयी नाशकात

प्रश्न : मुलगी नाशिकला बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेली. वर्ष झालं, तरी ‘ड्रुकन’ (छापणे) आणि ‘ड्र्युकन’ (दाबणे) तिला सारखेच ऐकू येतात. तिथे राहून कान आपोआप तयार होत नाही का? – एक आई, इंदिरानगर

उत्तर : तयार होतो, पण त्यातलं ‘आपोआप’ काढून टाका. आपल्याकडचंच बघा ना. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत दिवसभर हिंदी बोलणारे, जन्मभर हिंदी सिनेमे बघितलेले आपले लोक हिंदी बोलतानाही ‘पइसा’च म्हणतात. हिंदीवाल्यांचा उच्चार ‘पॅसा’कडे झुकणारा, पण आपल्याला तो आपलाच ‘ऐ’ वाटतो. शिवाय काम कुठे अडत नाही, मग कान कशाला तसदी घेईल?

ही सवय पाळण्यातली आहे. भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या सहा महिन्यांच्या बाळांना दोन स्वर ऐकवले. एक इंग्रजी ‘ई’ आणि दुसरा स्वीडिश, तुमच्या लेकीला छळणाऱ्या स्वराचा सख्खा भाऊच. त्या वयातही ज्या-त्या बाळाचा कान आपल्या भाषेतल्या स्वराच्या आसपासचे बारीक फरक सोडून देत होता.

तरी घाबरू नका. उच्चारांचे अभ्यासक जेम्स फ्लेगे यांनी १९९५ साली मांडलं की ध्वनी शिकण्याची क्षमता मोठेपणीही शाबूत असते, आणि मायबोलीत मुळीच नसलेला स्वर हा जवळपास सारख्या वाटणाऱ्या स्वरापेक्षा पुढेमागे बरा जमतो. ‘ड्र्युकन’मधला स्वर मराठीत नाहीच. लांब ‘ई’ म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि फक्त ओठांचा चंबू करा. माझ्या वर्गातली पोरं चंबू करता करता जीभही मागे ओढतात, आणि झाला ‘ऊ’! आरशात ओठ दिसतात, जीभ दिसत नाही, हीच पंचाईत.

आता मला सांगा, ती राहते कोणाबरोबर? खोलीवर मराठी, नाहीतर इंग्रजी, आणि वॉर्डात ठरलेली चार वाक्यं, असं असेल तर ते जर्मनीत राहणं नावापुरतं. वॉर्डात ‘बेल दाबा’ हे संदर्भानेच कळतं, स्वर ओळखावाच लागत नाही. (बव्हेरियात असेल तर आणखी गंमत. तिथल्या बोलीत बऱ्याच शब्दांत हा स्वर चक्क ‘इ’ होतो.)

तिने ‘ड्रुकन’-‘ड्र्युकन’सारख्या जोड्या वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकाव्यात, कुठला शब्द ते ओळखावं आणि बरोबर की चूक ते लगेच कळावं. १९९१ सालच्या एका प्रयोगात जपानी लोकांचा इंग्रजी ‘र’-‘ल’चा घोळ असाच कमी झाला होता. वॉर्डातली एखादी जर्मन मैत्रीण रोज दहा मिनिटं देईल. फोनवर तुम्ही मात्र परीक्षा घेऊ नका. दोन्ही शब्द तुम्हालाही सारखेच ऐकू येणार, मग मार्क कोण देणार?